आपल्या घरातलं तिरपं चित्र

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी, हा प्रश्न मला अकरा वर्षांत कधी पडला नाही. हाक मारायचीच नव्हती. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. धाकट्या भावाच्या बायकोनं, भावसुनेनं, भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या बाजेवर बसायचं नाही, चुकूनही त्याला शिवायचं नाही. लग्न होऊन लाखनीला आले त्या दिवशी सासूबाईंनी हे मला एका दमात सांगितलं होतं, नव्या भाडेकरूला विहीर कुठे आणि न्हाणी कुठे ते सांगतात तसं. बोलण्यात तुमचा उल्लेख आलाच तर मी ‘पुढे’ म्हणायची. पुढे चहा द्या. पुढे विचारा, भाजी आणखी हवी का.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. हा कागद तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणू शकते आहे. तुम्ही जिवंत असताना हा शब्द मी तुमच्यासाठी एकाच दुपारी वापरला. ती दुपार तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. परवा ती मी सांगून टाकली. कुणाला आणि कशी, ते तुम्हाला कळवायचं राहिलं आहे.

पुढची खोली तुमची एकट्याची आणि आल्यागेल्याची, मागे स्वयंपाकघर आणि आमची खोली, आणि या दोन्हींच्या मध्ये एक दार. माझी अकरा वर्षं त्या मधल्या दाराच्या आत गेली. तिथून तुमचं दर्शन व्हायचं नाही, पण तुमचा अंदाज असायचा. हायवेवरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून तुम्ही यायचात आणि अंगणात पाऊल टाकताना एकदा खाकरायचात. ते खाकरणं माझ्यासाठी असायचं. तेवढ्या अवधीत मी पदर कपाळावर ओढून आत सरकायची. तुम्ही ते कधी विसरला नाहीत. तापानं फणफणत आलात तेव्हाही आधी खाकरलात आणि मग भिंत धरून बसलात.

तुम्ही वाईट होतात असं मला कुठेही म्हणायचं नाही. तसं असतं तर लिहायला एवढे दिवस लागले नसते. मी वाचते हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. दुकानात रेडिओ बांधून द्यायला तुम्ही रद्दी आणायचात. त्यातली धड मासिकं बाजूला पडू लागली आणि मधल्या दाराशेजारच्या खिडकीत दिसू लागली. तुम्ही ठेवली असं कुणी म्हणालं नाही, मी घेतली असंही कुणी म्हणालं नाही. एकदा एका कथेची शेवटची पानं फाटलेली निघाली. मी मासिक परत खिडकीत ठेवलं आणि शेवटच्या ओळीखाली पेन्सिलनं एवढंच लिहिलं, ‘पुढचं?’ नऊ दिवसांनी ती पानं आली. कुठून मिळवलीत, देव जाणे. सुतळीत गुंडाळलेली, तेलाचे डाग पडलेली. नायिका शेवटी सासरी परत जाते. मला तो शेवट आवडला नाही, आणि ते तुम्हाला सांगायची सोय नव्हती.

तुमचा रेडिओही असाच भिंतीभिंतीनं सरकत माझ्या चुलीमागच्या भिंतीपर्यंत आला. संध्याकाळी भाषणं लागली की आवाज थोडा वाढायचा. सासूबाई म्हणायच्या, “बहिरा होऊन राहिला का रे तू?” तुम्ही म्हणायचात, “असू दे.”

‘असू दे’ आणि ‘राहू दे’. तुमचं निम्मं बोलणं या दोन शब्दांत भागायचं.

आता त्या दुपारकडे येते. येताना मला भीती वाटते, कारण ती दुपार मी इतक्या वेळा आठवली आहे की त्यातलं खरं किती आणि मी घासून गुळगुळीत केलेलं किती, हे मला सांगता यायचं नाही.

नागपूरच्या एका गिऱ्हाइकानं काढून टाकलेला टीव्ही तुम्ही आणलात. लाकडी पेटी, सरकत्या झडपांची. छपरावरच्या कवेलूंमधून, कौलांमधून, पाइप वर काढून त्यावर अँटेना नागपूरकडे तोंड करून बांधलात. वर्षभर चांगला चालला. मग त्याची पिक्चर ट्यूब गेली. एकदम नाही गेली. माणसं आधी चांदीसारखी चमकू लागली, मग चेहऱ्यांच्या जागी नुसता उजेड राहिला. तुम्ही नागपूरहून नवी ट्यूब आणलीत, एसटीत खोकं मांडीवर घेऊन, साडेतीन तास.

त्याच आठवड्यात माझा लिफाफा आला होता. साकोलीच्या एका शाळेत मी अर्ज केला होता. लग्नाआधीच मी बी.ए., बी.एड. झालेली, आणि तुमच्या भावांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, “लागली तर पाहू” म्हणत मुलाखतीला नेऊन आणलं होतं. नोकरी लागली. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हजर व्हायचं. पोस्टमननं तो लिफाफा तुमच्या दुकानात दिला. तुम्ही तो न फोडता सासूबाईंच्या हातात ठेवलात आणि म्हणालात, “धाकटीच्या नावाचं आहे.”

तुमचे भाऊ पत्र वाचून म्हणाले, “दादाले विचारावं लागन.” पण विचारलं नाही. आज विचारतो, उद्या विचारतो, असं करत नऊ दिवस गेले. मी एकदा जोर केला तर म्हणाले, “दादानं मले आजपर्यंत कशाले नाही म्हटलं नाही. म्हनूनच विचारवत नाही.” हे वाक्य मी तेव्हा समजून घेतलं होतं. आता घेत नाही.

वैशाखातला तो दिवस. आमची मुलगी भंडाऱ्याला माझ्या माहेरी गेली होती. टीव्ही टेबलावरच भिंतीपासून ओढून घेतला होता. तुमच्या भावांनी जुनी ट्यूब काढायला हात लावला, आणि नवी बसवायची तर त्यांच्या नोकरीच्या एसटी डेपोतून माणूस बोलवायला आला. हातातलं काम टाकून ते साकोलीला गेले. मागच्याच साली तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, वजन उचलायचं नव्हतं. शेजाऱ्याला बोलवावं तर सारे जण उन्हाच्या भीतीनं दारं लावून पडलेले. सासूबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “कायले कोनाले बलावतोस? ते धरन. मी बसतो मधात.”

मधात बाज टाकून बसणं म्हणजे दोघांमधल्या निरोप्याचं काम. ती बाज आणि सासूबाई यांच्याशिवाय आपलं घर चाललंच नसतं.

मी पेटीच्या मागे उभी राहिले. काचेची ती ट्यूब दोन्ही हातांनी, छातीशी घेऊन, आत पुढच्या चौकटीला टेकवून धरायची आणि तुम्ही बाजूनं हात घालून चार कोपऱ्यांचे चार नट आवळायचे, असं ठरलं. हेही सासूबाईंमार्फतच ठरलं.

“आई, तिले म्हना, ट्यूबची मान धरू नोका. मान नाजूक असते.”

“ऐकलं का वो? मान धरू नोको म्हनते.”

“धरली नाही, म्हणावं. बाजूनंच धरलं आहे.”

“बाजूनं धरलं म्हनते.”

“ऐकू आलं मले,” तुम्ही म्हणालात.

“ऐकू येते तं मंग मले कायले बसवलं अठी?”

तीन नट बसले. तुम्ही चौथा लावत होतात, एवढ्यात परसात वासरू सुटलं. सासूबाई “हे मेलं” म्हणत उठल्या आणि गेल्या. तुमच्या बोटांतून नट निसटला आणि टण् करून पेटीत पडला.

“आई, तिले म्हना, हलू नोका.”

उत्तर आलं नाही.

“आई.”

परसातून सासूबाईंचा आवाज येत होता, पण तो वासराशी बोलण्याचा होता. आणि त्याच वेळी माझा पदर सरकला. आधी केसांवरून, मग मानेवरून, आणि खांद्यावर येऊन पडला. माझे दोन्ही हात काचेला. हात सोडला तर तो कोपरा निखळणार. मी मान झटकून पदर वर घ्यायचा प्रयत्न केला आणि काच हलली. तुम्ही दचकून वर पाहिलंत. क्षणभरच. मग तोंड भिंतीकडे केलंत.

तो देखावा मी कितीदा तरी पाहिला आहे, दुसऱ्या कुणीतरी दारातून पाहावा तसा. हातात पाना घेऊन भिंतीकडे तोंड केलेला पन्नाशीचा माणूस. ट्यूब कवटाळून उभी असलेली, उघड्या डोक्याची बाई. आणि हाताच्या अंतरावर पडलेला नट, जो एकाला दिसतो पण उचलता येत नाही आणि दुसऱ्याला उचलता येतो पण तो बघत नाही.

“सासूबाई परसात गेल्या आहेत,” मी म्हणाले. भिंतीला म्हणाले.

“मालूम आहे.” तुम्हीही भिंतीलाच.

“माझे हात भरून आलेत.”

“सोडू नोका. त्याच्या आत हवा नसते. पडली तं नुसती फुटत नाही, उडते. काचा डोळ्यात जाते.”

“मग तुम्ही इकडे पाहा.”

तोच तो ‘तुम्ही’.

तुम्ही पाहिलं नाहीत. वाकून पिशवीतून आरसा काढलात. दाढीचा गोल आरसा, दांडी तुटलेली, तारेनं गुंडाळलेली. टीव्हीच्या मागून काम करताना पुढचं चित्र दिसावं म्हणून तुम्ही तो जवळ ठेवायचात. माझ्याकडे पाठ करून तो खांद्यावरून धरलात आणि त्यात पाहत हात मागे घातलात. आरशात डाव्याचं उजवं होतं. तुमचा हात दोनदा भलतीकडेच चाचपडला.

“उजवीकडे,” मी म्हणाले. “तुमच्या उजवीकडे. नाही, खऱ्या उजवीकडे.”

मला हसू आलं. इतकी भ्यालेली असताना आलं.

“हासू नोका. काच हालते.”

पण तुमचे खांदेही हलत होते. मी पाहिलं.

नट सापडला. तुम्ही तो आरशात बघत बघत फिरवू लागलात, पाव-पाव आट्यानं. मला वाटलं, हा नट बसला की संपलं. सासूबाई येतील, पदर डोक्यावर जाईल, आणि मग पुढची दहा किंवा वीस वर्षं पुन्हा ‘पुढे चहा द्या’. मी म्हणाले, “मला साकोलीच्या शाळेत नोकरी लागली आहे. सहा दिवस उरलेत.”

पाना थांबला.

“तो लिफाफा?”

“हो.”

“त्यानं काही सांगतलं नाही मले.”

“ते विचारणार नाहीत.”

तुम्ही पुन्हा नट फिरवू लागलात. किती वेळ गेला? माझ्या दंडांत कळा येत होत्या आणि तरी तो नट लवकर बसू नये असं वाटत होतं.

“त्याले विचारू द्या,” तुम्ही म्हणालात. “त्यानं विचारलं का मी हो म्हनतो.”

“आणि नाही विचारलं तर?”

“मंग मी कसा म्हनू? मले कोनी सांगतलंच नाही तं मी हो कायले म्हनू? लोक म्हनन, तुले कोनं सांगतलं?”

चारी नट बसले होते. राहिली होती ती ट्यूबच्या मानेवर चढवायची तारांची कॉइल. “ते होयेस्तोवर धरून ठेवजा,” तुम्ही म्हणालात, “मानेवर जोर येते.” कॉइल चढवलीत. ती सरळ आहे की नाही पाहायला आरसा थोडा वर घेतलात आणि त्यात कॉइलच्या ऐवजी मी आले. एकदाच. तुमचे डोळे पिंगट आहेत हे मला त्या दिवशी कळलं, आठ वर्षं एका घरात राहून. तुम्ही आरसा खाली केलात आणि कॉइलचा स्क्रू नुसता चाचपून आवळून टाकलात.

सासूबाई आल्या तेव्हा तुम्ही पिशवी बांधत होतात आणि माझा पदर कपाळावर होता.

“झालं का?”

“झालं म्हणावं,” मी म्हणाले.

टीव्ही लावला. चित्र लख्ख आलं, आणि तिरपं. डावा कोपरा खाली, उजवा वर, भरल्या कावडीचं एक मडकं रिकामं व्हावं तसं. सासूबाई मान कलती करून म्हणाल्या, “हे काहून असं?” तुम्ही म्हणालात, “राहू दे.”

त्यानंतरचे सहा दिवस. ते मी तुम्हाला माफ केलेले नाहीत, आणि स्वतःलाही नाही.

मला उत्तर माहीत होतं. दार आतून उघडं आहे हे मला माहीत होतं आणि ते ढकलायचं होतं तुमच्या भावांनी. मी त्यांना म्हणू शकत होते की विचारा, ते हो म्हणतील. मग त्यांनी विचारलं असतं, तुला काय माहीत? आणि त्या प्रश्नाला माझ्याजवळ तोंड नव्हतं. मी भासऱ्याशी बोलले. उघड्या डोक्यानं बोलले. हसले. मी फक्त म्हणत राहिले, “विचारून तर पाहा.” ते म्हणत राहिले, “पाहतो.”

तुम्हीही तेच करत होतात, हे मी दाराआडून ऐकत होते. तुम्ही दोघं जेवायला बसायचात, सासूबाई वाढायच्या, मी आतून पोळ्या द्यायची.

“काही म्हनाचं आहे का तुले?” तुम्ही भावाला विचारायचात.

“नाही तं.”

“डेपोत काही?”

“सब ठीक आहे, दादा.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटच्या दिवशी तुम्ही अर्ध्या ताटावरून हात उचललात. मग तुमचा आवाज, “साकोलीले सकाळची गाडी कितीक वाजता असते?”

माझ्या हातातलं लाटणं तिथेच थांबलं.

“सव्वासातची आहे,” तुमचे भाऊ म्हणाले. “काहून? तुमाले जाचं आहे?”

“नाही. असंच.”

तुम्ही ताटाला नमस्कार करून उठलात. दुसऱ्या दिवशी सव्वासातची गाडी आपल्या घरासमोरून गेली. हायवेवर मोठी गाडी गेली की आपल्या मांडणीतली भांडी किणकिणतात. ती किणकिणली. आवाज थांबेपर्यंत मी ती हातानं धरून ठेवली.

तुमच्याशी माझा वाद तिथे अडला आहे. तुम्ही घरातले कर्ते होतात. लिफाफा तुमच्याच हातून आला होता. तुम्ही जेवताना एवढंच म्हणू शकला असतात, ‘धाकटीच्या पत्रात काय होतं रे?’ यात कुणाचा पदर ढळत नव्हता. का नाही म्हणालात? यावर मी तुमच्या वतीनं पुष्कळ उत्तरं तयार केली. तुम्हाला भीती होती की आवाजातून कळेल. तुम्हाला वाटत होतं की धाकट्यानं एकदा तरी स्वतःच्या बायकोसाठी तोंड उघडावं. कधी मी तुम्हाला सोडून देते, कधी नाही. आणि तुम्ही माझं काय केलंत, मला सोडलंत का, हे मला कधी कळणार नाही. कारण तोंड मलाही होतं.

तीन वर्षं चित्र तिरपं राहिलं. लाखनीभर थट्टा झाली. रविवारी टीव्ही पाहायला येणारे आपोआप एका बाजूला माना टाकून बसायचे. शेजारचे म्हातारबुवा म्हणायचे, “गावाचे रेडिओ दुरुस्त करते, आन घरचा टीव्ही पाहाले मान मोडा लागते.” तुमचे भाऊ वैतागायचे, “दादा, लोक हासून राहिले.”

“तू म्हन तं करतो.”

“मी कायले म्हनू? मिस्त्री तुमी.”

“मंग असू दे.”

मी दाराआडून हे ऐकायची आणि मला वाटायचं, हे टीव्हीबद्दल बोलत नाहीत. निदान एक जण तरी बोलत नाही.

त्या तीन वर्षांत खिडकीत मासिकं येत राहिली. पण एकदाही कोणत्याच पानावर काही लिहायचं मला सुचलं नाही. तुम्ही अंगणात खाकरायचात, पूर्वीपेक्षा जरा लांबून.

आणि मग चैत्रात तुम्ही दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या गेलात. कुणाचा तरी ट्रान्झिस्टर उघडून ठेवलेला होता म्हणतात. तुम्हाला घरी आणलं तेव्हा अंगणात खाकरण्याचा आवाज आला नाही, त्यामुळे मी दारातच सापडले, पदर हातात धरून. बायका एकेक करून पाया पडत होत्या. मी पुढे झाले तर एक म्हातारी म्हणाली, “तू नोको वो. भावसुनेनं शिवू नाही.” मी मागे सरले. लांबूनच जमिनीला डोकं टेकवलं. तुमच्या पायांच्या आणि माझ्या मध्ये दोन हात जागा होती. ती कुणी ओलांडू दिली नाही, आणि मीही ओलांडली नाही.

तेरावं झाल्यावर तुमची पिशवी आवरायला घेतली. सोल्डरिंगचं खटलं, पाने, पोस्टानं शिकलेल्या कोर्सची पुस्तकं. वाचायची सवय, म्हणून वाचली. चौथ्या पुस्तकात एक आकृती होती आणि खाली दोन ओळी. चित्र तिरपं येत असेल तर कॉइलचा स्क्रू ढिला करावा, कॉइल किंचित फिरवावी, पुन्हा आवळावा. एवढंच. पाच मिनिटांचं काम. तुम्ही दिवसाला दोन-तीन टीव्हींना ते करत असाल. आपल्या टीव्हीला तीन वर्षांत केलं नाहीत. मी ते पान किती वेळ पाहत होते, माहीत नाही.

परवा रविवार होता. तुमचे भाऊ म्हणाले, “साकोलीहून मानूस आनतो. आता तरी तो टीव्ही सरळ करू.”

मी म्हणाले, “मी करते.”

ते हसले नाहीत. मी मागचं झाकण काढलं. बंद असला तरी ट्यूबमध्ये वीज राहते, हे मी त्या दिवशी तुमच्याकडून, म्हणजे सासूबाईंकडून, ऐकलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरला तार बांधून ती वीज काढून टाकली. एका हातानं स्क्रू ढिला केला. मग टीव्ही लावला. पुस्तकात लिहिलं होतं तसा हातात कोरडा रबरी मोजा घातला होता, तुमचाच. आरसा समोर लावणार होते, पण तुमचे भाऊ पुढे येऊन बसले आणि म्हणाले, “मी सांगतो.”

ते पुढे, मी मागे. मध्ये टीव्ही. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, मला त्यांचा दिसत नव्हता. तीन वर्षांपूर्वीची जागा तीच होती, फक्त माझे हात मोकळे होते. मी कॉइलवर बोटं ठेवली आणि म्हणाले, “दादांनी हो म्हटलं होतं.”

तुमचा उल्लेख मी ‘पुढे’ सोडून दुसऱ्या शब्दानं पहिल्यांदाच केला.

“कायले?”

“साकोलीच्या शाळेला. तुम्ही विचारलं की हो म्हणतो म्हणाले होते. हीच ट्यूब बसवताना.”

हायवेवरून एक ट्रक गेला. भांडी किणकिणून थांबली.

“तू बोलली दादाशी?”

तो प्रश्न आला. अगदी ज्या शब्दांत मी तीन वर्षं तो ऐकत होते, त्याच शब्दांत.

“हो,” मी म्हणाले.

आणि काही झालं नाही. छप्पर होतं तिथेच होतं. सासूबाई बाजेवर सुपारी कातरत होत्या, त्यांनी कातरणं थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. एवढ्याच गोष्टीला मी भ्याले होते. तुम्हीही भ्याला होतात. आत काहीच नव्हतं. तुम्हीच म्हणाला होतात की आत हवाही नसते, म्हणून तर ट्यूब उडते. पण मी सोडून पाहिलं, आणि ती उडाली नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. हे तुम्हालाही कळायला हवं होतं.

“थोडं फिरव,” टीव्हीच्या पुढून आवाज आला. “तुया डाव्या हाताले. आनखी. आनखी थोडं. बस.”

मी स्क्रू आवळला.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “गाडी विचारली होती दादानं मले. सव्वासातची.”

“हो.”

“मी म्हटलं, तुमाले जाचं आहे का.”

मी मागचं झाकण लावत होते. एक-एक स्क्रू नीट लावला. त्यांना तेवढा वेळ लागणार होता, आणि पुढे जाऊन त्यांचं तोंड पाहायचं माझ्या मनात नव्हतं.

चित्र आता सरळ आहे. सगळे जण सवयीनं माना कलत्या करूनच बसतात. सासूबाई म्हणाल्या, “मले तं आताच वाकडं दिसून राहिलं.” काल तुमच्या भावांनी मला विचारलं की पुन्हा अर्ज करतेस का. साकोलीच्या त्या जागेवर तेव्हाच दुसरं कुणी तरी आलं. दुसरीकडे कुठे निघेल, न निघेल. आता कुणाला विचारायचं नाही. कुणी कुणाला निरोप द्यायचा नाही. मी हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही.

आज संध्याकाळी अंगणात कुणीतरी खाकरलं. दुधवाला होता. मी पदर कपाळावर ओढला आणि मधल्या दाराच्या आत सरकले, आणि तिथे उभी राहून तुमचं पाऊल येईल म्हणून ऐकत राहिले. आरसा तुमच्या पिशवीतच आहे. मी तो काढलेला नाही.

चित्र सरळ झालं, दादा. मी अजून दाराच्या आतच उभी आहे.